जागेपणाचा पगार

…नाही नाही, उठू नकोस, डोळेही उघडू नकोस — कामावर आहेस तू. मी आपला असाच टेकलोय गादीच्या कडेला. तुझ्या आधी याच काचेमागे, याच पलंगावर मी झोपायचो — पगारी. रस्त्यावरून जाणाऱ्यानं बघावं, म्हणावं, अहाहा, काय गाढ झोपलाय, आणि आत येऊन गादी घ्यावी — एवढंच काम. सोपं वाटतं ना? बोलू नकोस! आणि कुशीवर वळ जरा, उताणं झोपलं की तोंड उघडं पडतं, मालकांना चालत नाही.

तर मालकांची नोटीस आली. मी नोकरी सोडून बसलोय, आणि हे आता म्हणतात — तुम्ही कामाच्या वेळेत जागे होतात, सबब झोपेपोटी दिलेला जास्तीचा पगार परत करा. काय म्हणावं या माणसाला! मी लगेच फोन केला — मालक, मी जागा होतो हे कशावरून? तर म्हणाले, झोपला होतात हे कशावरून? साक्षीदार आणा. घ्या! झोपलेल्या माणसाला साक्षीदार कोण असणार? बायकोच ना. आमची ही आपणहून म्हणाली, मी येते, सांगते — हा माणूस ढिम्म झोपला होता, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आत केबिनमध्ये बसलीय बघ मालकांसमोर. म्हणजे बघू नकोस.

तिनं पाहिलं कधी — ते एक आहेच. भांडण चाललं होतं आमचं. दिवसभर इथे पडून घरी गेलो की मला रात्री झोप कुठली यायला? मी आपला भांडी लाव, कपाट आवर, खुर्च्या सरकव. ती म्हणायची, जगासाठी झोपता आणि मला झोपू देत नाही. बरोबरच होतं तिचं. एक दिवस बॅग घेऊन थेट इथे आली, पलंगापाशी. म्हणाली, अहो, मी ताईकडे चाललेय, कायमची — आत्ता उठलात तर बॅग इथेच खाली ठेवते. आणि त्याच वेळी मालक एका नव्या जोडप्याला डबल बेडची गादी दाखवतायत — बघा, एवढी बोलाचाली चाललीय, तरी हलतोय का! पटलंच होतं त्यांना. नवऱ्यानं पाकीट काढलेलं, तपकिरी — पापण्यांच्या फटीतून अगदी स्वच्छ…

म्हणजे… असेल काढलेलं, असं म्हणतोय मी. जाऊ दे. तुझ्यापासून काय लपवायचं, तूही जागाच आहेस की. जागा होतो रे. टक्क जागा. वर एकदा घोरलोसुद्धा, चांगलं मोठ्यानं — मालक खूश व्हावेत म्हणून. आणि तिनं काय करावं? माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि गेली. लाज वाटते रे, अजून वाटते. पुढे इथे पडणंच नको झालं, सोडली नोकरी.

परवा फोनवर म्हणाली, झोपलेल्या माणसावर काय रागवायचं, तुम्हाला ऐकूच गेलं नसेल. मी म्हणालो, नाही ना गेलं! साक्ष झाली की आज घरी येतेय, बॅग घेऊनच आलीय. आता पैसे म्हणशील तर आहेत, हे बघ, खिशातच आहेत — पण भरले म्हणजे जागा होतो हे कबूल केल्यासारखं. मग तिला काय तोंड दाखवू?

ए, ते वर काय आहे रे? तुझ्या उशीच्या बरोबर वर, लाल दिवा लुकलुकतोय — कॅमेरा? नवा बसवला ना? तू आल्यावर? नसेल, माझ्या वेळचाच असेल, तर पापणी हलव… हलली. हलली का रे? परत हलव… अरे देवा. म्हणजे आत ते तिला सगळं… मालक! अहो मालक, दाखवू नका, मी भरतो, सगळे भरतो —

दार उघडलं. तीच. इकडेच येतेय. बॅग हातात आहे — चेहरा काही कळत नाही. सरक. सरक रे तिकडे, जागा दे. तिनं विचारलं तर सांग मी मघापासून — नाही, तू कसं सांगणार, तूही झोपलायस —