दुपारीच या

अहो ताई, बटणाला हात नका लावू, मी दाखवते ना — हा डबा म्हणजे कंट्रोलर, गच्चीवरचं सोलर पॅनल आणि ही बॅटरी यांच्या मधला. पडद्यावर डावीकडे पॅनलचं चित्र, मधे बॅटरी, उजवीकडे दिवा. पॅनलकडून बॅटरीकडे बाण हलतोय, दिसतोय? म्हणजे चार्जिंग चालू आहे. आणि आकडा — चौदा पॉइंट दोन व्होल्ट! बॅटरीच्या पोटातल्या रेघा सगळ्या भरलेल्या. याहून आणखी काय हवं माणसाला? — दिवा? आत्ता दिवा कशाला लावायचा, भर दुपारी, उगाच बॅटरी उतरवायची. तुमच्या घरी गेल्यावर लावा की हवा तेवढा.

सकाळी का नाही बोलावलं? सकाळी — सकाळी मला वेळ नसतो हो. भावाच्या घरात राहते ना मी, सकाळ वहिनीची असते. वाईट नाही ती, तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही मला. फक्त मला वाढताना पातेल्यात किती उरलं ते बघते. रोज बघते. आणि नवरा विचाराल, तर तो गेला सोडून. घरातलं सगळं विकून गेला, हे तेवढं मागे राहिलं — जड होतं ना, नाहीतर हेही उचललं असतं त्याने. हसताय? हसा, मीही हसते कधीकधी.

याच्या बदल्यात द्यायचं तुमचं शिलाई मशीन रिक्षातच आहे ना? उतरवून घेऊ का आधी? म्हणजे रिक्षावाला खोळंबायला नको. घाई म्हणजे — आहे थोडी. शिवणकामाच्या कारखान्यातल्या बाईंनी सांगितलंय, स्वतःचं मशीन घेऊन ये, काम देते, मागची खोलीही देते राहायला. उद्या नाही गेले तर दुसरी उभीच आहे दारात. खोलीला आतून कडी आहे, बघून आले मी. आतून कडी! — नाही, दिवा नको म्हटलं ना. आणि हळू बोला जरा, वहिनी आत पडलीये.

पण तुम्ही मशीन देऊन टाकणार, मग शिवणार कशावर? — हाताने? अहो, हाताने कुणाचं पोट भरलंय? — फ्रीज? फोनवर तर दिवे म्हणालात. दिवे आणि छोटा फ्रीज... कशाला फ्रीज? — वडिलांची इंजेक्शनं. रात्रभर वीज जाते, इंजेक्शनं खराब होतात — एकदा झाली खराब? मग? — दवाखान्यात होते ते? किती... नको, सांगू नका. अहो, मला कशाला सांगताय हे सगळं! मी विचारलं होतं का? — हो, विचारलं. मीच विचारलं.

सरका जरा. सरक गं, त्या खटक्यापर्यंत हात जाऊ दे माझा. हा पॅनलचा खटका. केला बंद. आता बघ पडद्याकडे — चौदा होते ना? तेरा. बारा पॉइंट पाच... थांब, अजून उतरतंय. आता तूच लाव दिवा, लाव, मघापासून लावायचा होता ना तुला? — अकरा. दहा पॉइंट आठ. गेला. कंट्रोलरनेच तोडला. एवढासा दिवा पेलवत नाही तिला, फ्रीज कुठून पेलणार? मेलीये ती बॅटरी, कधीच मेलीये. उन्हात आकडा फुगतो गं, तो तिचा नसतोच. पॅनल बंद, दिवा बंद, तासभर थांबायचं — मग जो दिसेल तो तिचा खरा. आणि मग दिवा लावून बघायचं, किती टिकतो ते. कुठेही घ्यायला गेलीस तर ऊन पडायच्या आत जा. दुपारीच या असं कुणी म्हणालं तर जाऊच नकोस. नवरा जुन्या बॅटऱ्या विकायचा, असाच बोलवायचा गिऱ्हाइकांना. त्याला मी चोर म्हणायचे.

माझ्याकडे असं नको बघू. मशीन उतरवू नकोस, तसंच परत ने, आणि रिक्षात धरून बस त्याला, पुढचा रस्ता खराब आहे. माझं काय, माझं मी बघेन. जा म्हटलं ना!

— कुणी नाही वहिनी! पत्ता विचारत होती कुणाचा तरी. चुकून आली आपल्याकडे. — हो, आले, घासते भांडी.