मुलाचा मान

भावाच्या मातीला निघालेली म्हातारी शोना धक्क्यावर बोटीची वाट पाहत होती. पाठीमागच्या बाकावर काळ्या कपड्यांतलं एक जोडपं येऊन बसलं.

“लॅकलन, चहा निवतोय.”

“ईना, शवपेटी कबरीत सोडताना डोक्याकडची दोरी मी धरायचीय. मुलाचा मान असतो तो.”

“हेक्टरला मूलबाळ नव्हतं. तुलाच मुलगा मानायचा.”

“आणि आपण त्याच्याविरुद्ध मालकांना निनावी पत्र लिहिलं. म्हणे, कामावर पिऊन येतो!”

“हळू बोल.”

“व्हिस्कीच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली त्यानं, पण थेंब चाखला नाही. त्याला हाकललं आणि त्याच्या जागी मी मॅनेजर झालो.”

“तुलाच व्हायचं होतं ना? मी फक्त टाइप केलं.”

“हो गं. तुला नाही बोलत. दमलोय मी फार.”

“आजचा दिवस काढ. दोरी धर, सोड, संपलं.”

“संपेल?”

बोटीचा भोंगा वाजला. शोना काठी टेकत उठली आणि मागे वळली.

“लॅकलन, हात दे रे जरा. मी हेक्टरची बहीण.”

“तुम्ही... केव्हापासून बसलाय इथं?”

“तुमच्या आधीपासून. चल, बोट सुटेल.”