कुपीचं झाकण

प्रयोगशाळेच्या सभागृहाबाहेर, चहाच्या रांगेत माझ्यापुढे पांढऱ्या कोटातल्या दोघी उभ्या होत्या. आत बैठक चालू होती.

“माझ्या पेप्टाइडचा तुझ्या पेशींवर काहीच परिणाम नाही?”

“नाही ना, ताई. तुम्ही दिलेल्या त्याच कुपीतून तीनदा करून पाहिलं.”

“कुपी उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलीस ना?”

“रिकामीच वाटली, म्हणून आधी उघडून बघितली.”

“अगं, पेप्टाइडची पावडर डोळ्याला दिसेल न दिसेल एवढीच असते. झाकणाला चिकटून बसते. फिरवली की तळाशी येते.”

“तळाशी पुसटसं पांढरं होतं. त्यातच पाणी घातलं.”

“आणि झाकण?”

“हातातून खाली पडलं. मग नवं लावलं.”

“जुनं?”

“टाकलं.”

“मग तू मोजलंस काय?”

“पाणी. पाणी अगदी काटेकोर मोजलं, ताई.”

“शाबास.”

“तुम्ही चिडलात.”

“आत सर तुझ्या त्याच निकालावरून माझा प्रकल्प गुंडाळतायत. चिडू नको तर काय करू? चल, आत येऊन सांग.”

“आत्ता? सगळ्यांसमोर?”

“प्रकल्पही सगळ्यांसमोरच गुंडाळतायत.”