दारावरची बोटं

कचेरीच्या रांगेत माझ्यापुढे खोदकामावरचा एक तरुण आणि त्याची आत्या उभी होती. किनाऱ्यावरच्या ओसाड वस्तीतलं तिचं घर पाडायला तिची सही हवी होती. आजूबाजूला खणताना हजारो वर्षांपूर्वीची वस्ती सापडली होती आणि ती या घराखालीही पसरली होती.

"आत्या, त्या लोकांनीही जाताना दारं दगडमातीनं बुजवली होती. अगदी तुमच्यासारखी."

"वाळू शिरू नये म्हणून. त्यात कसलं नवल?"

"लिंपणाऱ्याची बोटं अजून दिसतात. सगळ्या दारांवर बाहेरून. एकावर मात्र आतून."

"समुद्राकडचं, शेवटचं घर ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं!"

"तुमचंही शेवटचंच. ते कुणी बुजवलं?"

"सासऱ्यांनी. म्हणाले, तुम्ही होडीत बसा, एवढं दार लिंपून आलोच."

"मग?"

"भरती चढत होती. होडी थांबेना."

"पण ते नंतर लेकीकडे राहायला गेले ना? तूच सांगायचीस."

"सांगत आले खरी."

"आत्या, काल मी तुमच्या दारावर हात फिरवून पाहिला. बाहेरून एकही बोट नाही."

"नंबर आला, पुढे हो. आणि साहेबांना विचार, आमचं घर तेवढं सोडून खणता येईल का."