क्वेंट्रेलचा डावा हात

…नाही, पण मला सांगा, नाक मुरडणं हा काय गुन्हा आहे? आमच्या धंद्यात सगळेच मुरडतात! बास्केटबॉलची पोरं हेरायची म्हणजे दुसरं काय असतं हो? पोरगा आवडला रे आवडला की तोंड पाडून बसायचं, नाहीतर शेजारच्या बाकावरचा दुसऱ्या संघाचा माणूस बरोबर ताडतो, आणि जूनच्या निवडीत आपली पाळी यायच्या आत पोरगा उचलून मोकळा! एकवीस वर्षं मी असाच आयोवा-इंडियानाच्या थंडगार जिममध्ये सुतकी चेहऱ्यानं हॉट डॉग खातोय.

तर हा क्वेंट्रेल बॉग्ज. मक्याच्या शेतांमधलं एवढंसं कॉलेज, रस्त्यावर गुडघाभर बर्फ, तिथं कुत्रंसुद्धा फिरकत नाही, आणि हा पोरगा… तुम्हाला सांगतो, पहिल्याच सामन्यात डाव्या हातानं असा एक चेंडू टाकला की माझ्या घशात पाव अडकला! चार वर्षांत चाळीस वेळा गेलो. त्याची आई आर्नेटा माझ्यासाठी कोपऱ्यातली जागा धरून ठेवायची. "या साहेब, आज तरी हसा की जरा!" हसू कसा बाई? निवडीत माझ्या संघाची पाळी सत्तेचाळिसावी, त्याआधी कोणीही उचलेल की पोराला!

मग एकदा डच व्हँडरलान भेटला. दुसऱ्या संघाचा, महाबेरकी. "काय रे ऑरविल, कुठल्याशा बॉग्जकडे जातोस म्हणे? आहे का काही?" मी काही बोललो नाही हो. नुसतं नाक मुरडलं! बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? पण जिभेला हाड नाही ना… म्हटलं, "डावा हात कच्चा आहे रे त्याचा." झालं! एवढ्या बर्फात तीन तास गाडी हाकायला कोणाला हौस आहे? डचनं ह्याला सांगितलं, ह्यानं त्याला, आणि महिन्याभरात तीसच्या तीस संघांत एकच कुजबुज: डावा हात कच्चा, डावा हात कच्चा! मी मनातल्या मनात खूश. पोरगा आपलाच!

निवडीची संध्याकाळ. सेहेचाळीस नावं झाली, बॉग्ज शिल्लक! मी उड्या मारायच्या बेतात, तर आमचे साहेब, प्रुइट म्हणून आहेत, ते भलतंच नाव पुढं करतायत. "साहेब, बॉग्ज! मी लेखी दिलंय, डोळे मिटून घ्या म्हणून!" "अरे, डावा हात कच्चा आहे त्याचा." "कोण म्हणतं?" "सगळे म्हणतात." "साहेब, ती आवई मीच उठवली!" "बघ! म्हणजे तूही म्हणतोस!"

आता ह्या माणसापुढं डोकं फोडू की काय करू? मी नुसतं नाक मुरडलं होतं हो!

साठ नावं झाली, निवड संपली. त्याचं आलं नाही. आर्नेटानं चर्चच्या हॉलमध्ये सगळा गोतावळा जमवला होता, टीव्हीसमोर केक मांडून… मला आजही तो केक दिसतो. मी पाहिलेला नाही, तरी दिसतो.

दुसऱ्या दिवशी पोराचा फोन. रडणं नाही, शिव्या नाहीत. "सर, इतक्या लांब फक्त तुम्हीच यायचात. खरं सांगा, माझ्यात काय कमी पडलं?" काय सांगू? 'बाळा, कमी माझ्यात आहे' एवढं म्हणायचं होतं… हिंमत नाही झाली. म्हटलं, "डावा हात… जरासा." "थँक्यू सर. तोंडावर सांगणारे तुम्ही पहिलेच."

तेव्हापासून रोज डाव्या हातानं हजार चेंडू! आईचा फोन येतो, मनगट सुजलंय, बर्फ लावतेय, पण ऐकत नाही म्हणते, सरांनी सांगितलंय… मी म्हणतो थांबवा त्याला, का ते मात्र सांगत नाही. भित्रा आहे मी, दुसरं काय.

परवा डच भेटला. ऑगस्टमध्ये कुठल्याशा सामन्यात पाहून आला होता पोराला. पाठीवर थाप मारून म्हणतो, "मानलं तुला ऑरविल! डावा हात साफ गेलाय त्याचा!"

एकवीस वर्षांत माझा एकच अंदाज तंतोतंत खरा ठरला, तुम्हाला सांगतो… आणि तोच नेमका मी खोटा सांगितला होता.