ओठ तिचे, आवाज परका

आदरणीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती प्रियदर्शनी, तिच्या मातोश्री भिवराबाई आणि केजकर बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार, जय भीम.

मी वनिता. प्रियदर्शनीला कॉलेजात मराठी मी शिकवलं. तिचं पहिलं नाटकही मीच बसवलं. त्यामुळे आज कौतुकाचं बोलावं, अशी संयोजकांची अपेक्षा रास्तच आहे. पण कशाचं कौतुक करू?

सिनेमात तिला ऊसतोड बाईचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी मेकअपवाला म्हणाला, "तुम्ही त्या वस्तीतल्या वाटत नाही." जन्म त्याच वस्तीतला! मग तिच्या तोंडाला काळं फासून तिला 'त्या वस्तीतली' केलं. तेही तिनं सोसलं, कारण एका प्रसंगावर तिचा जीव होता.

तो प्रसंग भिवराबाईंचा. मुकादमानं तोडीवरच्या एका पोरीचा हात धरला, तेव्हा या बाईंनी कोयता खाली ठेवला आणि अख्खी टोळी फडात बसवली. मुकादमानं पोरीची माफी मागेपर्यंत कुणी उठलं नाही. प्रियदर्शनीनं हे दिग्दर्शकांना सांगितलं. त्यांना पटलं. "हात सोड, न्हाईतर उद्या एकबी कोयता चालायचा न्हाई," हे वाक्य तिनं कॅमेऱ्यासमोर म्हटलं. त्या रात्री मला फोन केला. म्हणाली, "बाई, माय पडद्यावर येणार हाय."

सिनेमा लागला. या मायलेकी आणि मी, आम्ही तिघी अंबाजोगाईला गेलो. तो प्रसंग आला. ओठ प्रियदर्शनीचे हलत होते आणि आवाज भलत्याच बाईचा येत होता, "मालक, पदर पसरते, दया करा." भिवराबाई अंधारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ह्यो आवाज माह्या लेकीचा न्हाई." मागचे लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "मावशी, खाली बसा की."

प्रियदर्शनी मुंबईला जाऊन दिग्दर्शकांशी भांडली. उत्तर मिळालं, "तुमच्यातल्या बायका रडतानाच लोकांना खऱ्या वाटतात." त्यानंतर तिला सिनेमात कुणी बोलावलेलं नाही. इकडे बसस्टँडवर पोरं आमच्या मुलींना पाहून पदर पसरायची नक्कल करतात. दिपाली, हिची धाकटी बहीण, त्यापायी कॉलेजला येईनाशी झाली. मी दोनदा घरी गेले. ती म्हणाली, "बाई, मी कुणाकुणाला सांगू, आमी तशा न्हाईत म्हणून?"

आणि आता माझ्यानंतर इथं पडद्यावर तोच प्रसंग दाखवायचं ठरलं आहे. का? सत्काराला शोभा म्हणून? भिवराबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत हो. अध्यक्ष महाशय, मी सकाळपासून सगळ्यांना विनवते आहे, आता आपल्याला हात जोडते. हे थांबवा. तिला चार शब्द बोलू द्या, तिच्या स्वतःच्या आवाजात. आपण मान हलवताय, पण ती होकाराची की नकाराची, मला इथून कळत नाही.

दिवे का मालवले?

प्रियदर्शनी व्यासपीठावरून उतरली आहे. तिनं आईचा हात धरला आहे. कृपा करून त्यांना दाराकडे जायला वाट द्या. शाल-श्रीफळ टेबलावर राहिलं, राहू द्या.

आपण माझं ऐकून घेतलंत, आभारी आहे. शुभप्रसंगी अशुभ बोलले असेन, तर मोठ्या मनानं पोटात घाला. मीही त्यांच्याबरोबर निघते.