मावशी ठणठणीत आहे

हॅलो? हो, गॅरेजच. मयताबद्दल फोन असेल तर आधीच सांगते, बाई जिवंत आहेत, रडायचं असेल तर…

कोण?

ताई? अगं मग नीट बोल ना! 'हंऽऽ हंऽऽ' काय लावलंय? … हां, दाढ! निघाली का? … बोळा काढ आधी तोंडातला. … येऊ दे रक्त, थुंक तिकडे. … हं. आता बोल.

अगं ओरडू नकोस, टाके उसवतील.

… कुणाचा? तुमच्या शाळेच्या कारकुनाचा? तुझ्याच मोबाईलवर, तुझ्याच सांत्वनाला? … मग तू सांगायचंस ना, मी मुख्याध्यापिका स्वतः बोलतेय म्हणून! … खुर्चीत होतीस? तोंडात सांडशी? … ताई, तू त्याला 'आंऽऽ' करून उत्तर दिलंस. तो बिचारा काय समजणार? घरचं कुणी तरी हंबरडा फोडतंय, असंच ना! लगेच शाळा सोडली असेल त्याने.

… सोडलीच? … नाही, हसत नाहीये. खोकला आहे.

… टाळ्या? दवाखान्यापर्यंत ऐकू आल्या? … शिट्ट्यासुद्धा! बघ, आयुष्यभर तू म्हणत आलीस, या पोरांना एकसुरात काही जमत नाही…

बरं, बरं. चिडू नकोस. ऐक ना. … अगं ऐक तर! ते पत्रक माझ्या लेकीनेच दिलं होतं शाळेत. फळ्यावर लावायला नव्हे गं, तुला द्यायला. आमंत्रण होतं ते. संध्याकाळी सहाला तिच्या बँडच्या पहिल्या अल्बमचं प्रकाशन आहे ना, इथेच, गॅरेजात. … हो, तोच बँड. वटवाघळांचं वर्कशॉप. … नाव मी नाही ठेवलेलं. मी लेकीचं नावसुद्धा तुलाच ठेवायला दिलं होतं.

… काळी चौकट आहे, चौकटीत तुझा फोटो आहे, मान्य. 'दुःखद निधन' आहे, तेही मान्य. पण खाली काय लिहिलंय ते वाचलंस का? … नाही ना? तुमच्या शिपायाने काचेच्या फळ्यात मावेना म्हणून खालचा भाग दुमडला. दुमडलेल्या भागात लिहिलंय, 'एका आवाजाचं. मावशी ठणठणीत आहे. ऐकायला या.' … हो, एवढ्या मोठ्या अक्षरात! आता शिपाई तुझा, फळा तुझा, आणि बोलणी मात्र मी खायची.

— मिस्त्री, तो सायलेन्सर अजून गरम आहे, हात लावू नका. — काही नाही गं. तू बोल.

… हो ना, मलाही येतायत सकाळपासून. पत्रकावर गॅरेजचा नंबर आहे. तेवीस झाले. गाड्या नोंदवायच्या वहीत मागच्या पानावर टिपून ठेवलंय मी. … म्हणजे काय, माणसं कळायला नकोत? नऊ जण रडले. त्यातले दोघं खरे. तुझ्या वरच्या मजल्यावरची म्हणाली, 'फार वाईट झालं,' आणि त्याच श्वासात, 'त्यांची पार्किंगची जागा आता…' … हो, तीच. आणि तुझ्या गणिताच्या मास्तरांनी तर विचारलं, खुर्ची सेवाज्येष्ठतेने भरतात का परीक्षा घेऊन. … सोमवारी घे त्यांना फैलावर, घे. पण खरं रडणाऱ्या दोघांत तुझी ती ग्रंथपाल होती, तिला काही बोलू नकोस.

… काय?

नाही, ताई. ते नाही जमणार. … रद्द कसं करू? … अगं, तीनशे कव्हरं आहेत, तुझाच फोटो लावलेली. फाडून टाकू काय? हाताने चिकटवलीत पोरांनी. आमचे हेसुद्धा रात्रंदिवस डिंकात बरबटलेले, दाराला हात लावला की दार सोबत यायचं. … चौदा रविवार, ताई. गाडीखाली उतरायच्या खड्ड्यात ड्रम ठेवून वाजवलेत त्यांनी, तळघरातून आवाज यावा म्हणून. माइक टांगला इंजिन उचलायच्या साखळीला. … सुरेल? छे. एखाद्या भुताच्या गाडीचा सायलेन्सर फुटावा तसं आहे सगळं. पण तिने केलंय. तू नाही म्हणालीस तर प्रकाशन होणार नाही, हे ती स्वतः म्हणाली मघाशी. मागे टायरांवर बसलीय तोंड पाडून. डोळ्यांतलं काजळ हनुवटीपर्यंत आलंय. … नाही, ते तसंच असतं म्हणे. पण आज खरं आहे.

… फोटो? तो माझ्या ट्रंकेत होता. तू एकोणीस वर्षांची. काळा ड्रेस, माइकसमोर, तोंड उघडं. … हो, मला माहीत आहे कुठला ते. एकच तर आहे.

आणि ताई… फोटोबरोबर एक कॅसेटपण होती.

… तीच. तालमीची.

… ऐकली तिने. अल्बमचं शेवटचं गाणं तेच आहे. … विचारायला हवं होतं, हो. तिची नाही, माझी चूक. मी म्हटलं, विचारलंस तर नाही म्हणेल. … थांब, अजून एक आहे, आता बोलते, नाहीतर तुझी खरीखुरी शोकसभा व्हायची आणि माझ्या पोटात ते तसंच राहायचं.

बाबांना मी सांगितलं होतं. … तू शिवणाच्या क्लासला जात नाहीस, गाण्याच्या तालमीला जातेस, ते. … कंपासपेटी देतो म्हणाले होते.

…

तुला माहीत होतं?

केव्हापासून? … त्याच दिवसापासून? आणि एवढी वर्षं तोंडातून अक्षर नाही? … म्हणजे त्या पेटीतल्या कंपासचं टोक तू मोडलंस! तरीच! वर्षभर मी भोपळ्यासारखी वर्तुळं काढली, ताई!

… हं. फिटलं म्हणतेस? … नाही फिटलं. कंपास नवा मिळाला असता.

ऐकतेस का? थोडंसंच. नाही आवडलं तर मीच फाडते कव्हरं, माझ्या हाताने. — मिस्त्री, कॉम्प्रेसर बंद करा. … गिऱ्हाइकाला म्हणावं, हवा पळून जात नाही. — हं, फोन धरते स्पीकरजवळ.

… ऐकलंस? ते 'खट्' झालं ना, ते बाबांनी वायर खेचली ते. मधोमध कडव्यात. पोरांनी तसंच ठेवलंय. पुढे ड्रमही नाही, काही नाही. सुनं.

ताई?

… लाइन आहे ना?

… तू गुणगुणतेयस?

— श्शू! पाना खाली ठेवा! —

… पुढचं आहे ना ते? उरलेलं कडवं? तुला आठवतंय अजून? … थांबलीस का? … नाही, फोनवर नको तर नको. … गाल सुजलाय? तिच्या बँडमध्ये सुजलेला गाल म्हणजे दागिना. … शेवटची ओळ वरच्या पट्टीतली आहे? मग सहापर्यंत बर्फ लाव.

— बाळ! ए बाळ! टायरांवरून ऊठ! मावशी येतेय! … गायला! —

किंचाळली ती, तुला ऐकू आलं असेल. हेच तिचं गाणं.

बरं, एक सांगते. मागच्या शटरने ये. पुढे निम्मी शाळा असेल, फुलं घेऊन. तू एकदम समोर दिसलीस तर एखादा खरोखर आटपायचा. … पुढूनच येणार? … गणिताचे मास्तर पहिल्या रांगेत हवेत? बसवते. … काळ्या ड्रेसमध्ये? अगं, तो तुला आता… नाही, नाही, होईल, होईल.

… काजळ? संपवलं गं पोरीने सगळं.

ये तशीच. ग्रीसचा डबा उघडून ठेवते.